हवाई छायाचित्रात युद्धकाळातली छावणी कशी ओळखायची?

प्रश्न असा आहे: इंग्लंडमधल्या एका गावाजवळचं, विमानातून सरळ खाली घेतलेलं आरएएफचं (ब्रिटिश हवाई दलाचं) १९४६ सालचं छायाचित्र हाती आलं आहे. त्यात एका शेतात फिकट आयतांच्या रांगा आणि त्यांच्यामधून जाणारी एक वळणदार रेषा दिसते. आजच्या उपग्रहचित्रात तिथं सलग शेत आहे. ही दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी होती का, आणि असली तर कसली?

शक्यता चांगली आहे, पण ती आयतांवरून ठरणार नाही. आयत कोंबड्यांच्या खुराड्यांचे असू शकतात, रोपवाटिकेतल्या वाफ्यांचे असू शकतात, विटांच्या थप्प्यांचेही असू शकतात. छावणी ओळखू येते ती माणसांच्या वावरावरून. शे-दोनशे माणसं एका जागी झोपतात, जेवतात, अंघोळ करतात, शौचाला जातात, कवायत करतात. या प्रत्येक गोष्टीला जमिनीवर जागा लागते, आणि त्या जागांच्या मध्ये वाटा पडतात. म्हणून मी आयतांकडे सगळ्यात शेवटी बघतो. आधी रस्ता, पायवाटा, पाणी आणि सांडपाणी बघतो. आणि त्याही आधी चित्राची कड वाचतो.

आरएएफच्या त्या काळच्या छायाचित्रांच्या कडेला एक पट्टी असते. तिच्यावर उड्डाणाचा क्रमांक, तारीख, भिंगाचं नाभीय अंतर (भिंगापासून फिल्मपर्यंतचं अंतर), विमानाची उंची आणि स्क्वाड्रनचा क्रमांक असतो. ‘१०६जी/यूके’ असा सुरू होणारा क्रमांक म्हणजे छायाचित्रण करणाऱ्या १०६ ग्रुपच्या विमानाचं ब्रिटनवरचं उड्डाण. युद्ध संपता संपता आणि त्यानंतर या उड्डाणांनी देशाचा फार मोठा भाग टिपून ठेवला. पट्टीवरून प्रमाण काढता येतं: उंचीला नाभीय अंतराने भागायचं. भिंग २० इंची आणि उंची १६,६०० फूट असेल, तर २० इंच म्हणजे १.६७ फूट, आणि भागाकार जवळजवळ १०,००० येतो. चित्रावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे दहा मीटर. जमीन उंचावर असेल तर तिची उंची विमानाच्या उंचीतून आधी वजा करा, नाहीतर सगळी मापं फसतात.

हे गणित टाळू नका, कारण लष्करी बराकी ठरावीक मापांच्या असतात आणि शेतातल्या शेडा तशा नसतात. निसेन बराक ही अर्धगोल पन्हळी पत्र्याची बराक रॉयल इंजिनिअर्स या ब्रिटिश लष्कराच्या अभियंता दलातल्या मेजर पीटर निसेन यांनी १९१६ मध्ये आखली. तिची सगळ्यात जास्त आढळणारी रुंदी १६ फूट आणि लांबी ३६ फूट. दुसऱ्या महायुद्धात २४ आणि ३० फूट रुंदीच्याही निसेन बराकी उभ्या राहिल्या. ३५ फूट रुंद आणि ९६ फूट लांब अशी रॉमनी शेड मुख्यतः कोठारांसाठी आणि वर्कशॉपसाठी असे. पहिल्या महायुद्धातली लाकडी झोपायची बराक ६० फूट बाय २० फूट. आता एकास दहा हजार प्रमाणात लहान निसेन बराक केवढी दिसेल? अर्धा मिलिमीटर रुंद आणि एक मिलिमीटरहून जराशी लांब. ३०० डीपीआयच्या (म्हणजे इंचाला ३०० ठिपके असलेल्या) स्कॅनमध्ये तिची रुंदी सहा पिक्सेलमध्ये संपते, आणि सहा पिक्सेलवर मी काहीही ठामपणे सांगणार नाही. १२०० डीपीआयचं स्कॅन मागवा. तिथं चोवीसेक पिक्सेल मिळतात आणि छपराचा आकारही कळू लागतो. वेबसाइटवरून उतरवलेल्या पुसट चित्रावर तासन् तास डोळे ताणून बसणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांचे श्रम वाया जातात याचं मला खरंच वाईट वाटतं.

चांगलं स्कॅन हाती आलं की चित्र फिरवा. ब्रिटनमध्ये सूर्य दक्षिणेकडे असतो, त्यामुळे सावल्या उत्तरेकडे पडतात. उत्तर वर ठेवून बघितलं तर सावल्या आपल्यापासून दूर जातात आणि डोळा फसतो: खड्डा उंचवटा वाटतो, उंचवटा खड्डा. दक्षिण वर घ्या, म्हणजे सावल्या तुमच्याकडे येतील. मग एकच प्रश्न विचारा: या फिकट आयतांना सावली आहे का?

सावली असेल तर बराकी त्या दिवशी उभ्या होत्या. दुपाखी छप्पर असेल तर एक बाजू उजळ आणि एक काळपट दिसते आणि मधोमध आढ्याची सरळ रेघ येते. निसेनला आढं नसतं. उजेडाचा अंधार हळूहळू होत जातो आणि टोकाकडची सावली गोलसर पडते. हा फरक भिंगाखाली स्पष्ट दिसतो. तो नुसता वाचून समजत नाही. जिथं निसेन बराकी होत्या हे पक्कं माहीत आहे अशा जागेचं छायाचित्र शेजारी ठेवून पाहिलं की डोळ्याला सवय होते. स्कॉटलंडमध्ये कॉमरीजवळची कल्टिब्रॅगन छावणी यासाठी उत्तम, कारण तिथल्या निसेन बराकींच्या रांगा अजून जमिनीवर आहेत.

सावली नसेल तर दोन अर्थ निघतात. एक, बराकी काढून नेल्या आहेत आणि काँक्रीटचे चौथरे उरले आहेत. दुसरा, तिथं तंबू होते. तंबूखालच्या गवताला ऊन मिळत नाही, ते पिवळं पडतं आणि तंबू हलवल्यावर फिकट ठिगळ राहतं. गोल राहुटी असेल तर गोल ठिगळ, सुमारे चार मीटर व्यासाचं, आणि कधीकधी भोवती पावसाचं पाणी वळवायला खणलेल्या नालीची बारीक कड. असं ठिगळ गवत पुन्हा वाढलं की विरून जातं. म्हणजे १९४६ च्या वसंतातल्या छायाचित्रात तंबूंची ठिगळं दिसली, तर तंबू नुकतेच उठले आहेत. १९४४ मधल्या तंबूंचा तो माग असणार नाही. चौथरे मात्र वर्षानुवर्षं राहतात. दोन्हींमध्ये फरक कडांचा: चौथऱ्याची कड सुरीने कापल्यासारखी, गवताच्या ठिगळाची कड विरलेली.

शेजारची छायाचित्रं मागवणं हा मी देत असलेल्या सल्ल्यांमधला सगळ्यात उपयोगी सल्ला. विमान सरळ रेषेत उडत असताना एकामागून एक छायाचित्रं अशी घेतली जात की प्रत्येकात आधीच्या चित्राचा निम्म्याहून अधिक भाग पुन्हा यावा. सलग क्रमांकाची दोन चित्रं स्टिरिओस्कोपखाली, म्हणजे एकेका डोळ्याला एकेक चित्र दाखवणाऱ्या दोन भिंगांच्या यंत्राखाली, ठेवली की जमीन उठून येते. काँक्रीटचा चौथरा सपाट राहतो, बराक उभी राहते, मातीचा बांध फुगतो, खंदक खोल जातो. युद्धकाळात इंग्लंडमधल्या मेडमेनहॅमच्या केंद्रात बसलेले आरएएफचे छायाचित्र-वाचक असंच काम करत. हे यंत्र साधं, टेबलावर मावणारं आहे आणि त्याला आजही पर्याय नाही असं माझं मत आहे. संगणकावर लाल-निळ्या चष्म्याने बघता येतं, पण बारकाव्यांना ते पुरत नाही.

आता वाटा. तुडवलेलं गवत आडवं पडतं आणि उभ्या गवतापेक्षा जास्त उजेड परत फेकतं, म्हणून पायवाट छायाचित्रात फिकट दिसते. ही गोष्ट पहिल्या महायुद्धातल्या छायाचित्र-वाचकांना पक्की ठाऊक होती. झाकलेली तोफ सापडत नसली तरी तिच्याकडे जाणारी वाट सापडायची. छावणीतही तसंच. बराकींमधून निघालेल्या बारीक वाटा एका मोठ्या इमारतीपाशी गोळा होत असतील, तर ती मेस किंवा भटारखाना. दर चार-सहा बराकींमागे एक लहान इमारत आणि तिच्याकडे आखूड, खूप मळलेल्या वाटा असतील, तर ते संडास आणि न्हाणीघर. वाटा जिथं सगळ्या एकदम थांबतात किंवा वळून एका अदृश्य रेषेला समांतर धावतात, तिथं तारेचं कुंपण आहे, जरी तार स्वतः या प्रमाणात कधीच दिसली नाही तरी. युद्धकैद्यांच्या छावणीत कुंपणाच्या आतून एक सलग फेरीची वाट पडलेली असते. कैदी दिवसभर तिथं चकरा मारत. माझ्या मते युद्धकैद्यांची छावणी ओळखायची हीच सगळ्यात भरवशाची खूण आहे. टेहळणीचे मनोरे त्यानंतर शोधावेत, कोपऱ्यांतल्या लांब, बारीक सावल्यांवरून.

शेतातल्या वाटा फाटकातून फाटकाकडे जातात, कारण शेतकरी कुंपण तोडत नाही. लष्कराने कुंपणं तोडली. तीन शेतांच्या जुन्या झुडपी कुंपणांना भगदाडं पाडून एखादा काँक्रीटचा रस्ता आरपार गेलेला दिसला, तर मी खूप सावध होऊन बघू लागतो. शेतांची जुनी ठेवण मोडणारी कोणतीही रेषा बाहेरून आलेल्या माणसाने आखलेली असते.

सांडपाणी तर हमखास बघावं. पक्क्या बराकींच्या छावणीला मलनिस्सारणाची सोय लागायची, आणि पाणी उताराकडेच जाणार. म्हणून छावणीच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यात, बहुधा ओढ्यालगत, लहान गोल किंवा आयताकृती गाळणी-हौद शोधा. दोन नेटके गोल आणि त्यांच्या शेजारी चौकोनी वाफ्यांसारखे गाळ सुकवायचे हौद, अशी ती जोडी असते. खुराड्यांच्या रांगांना हे लागत नाही, रोपवाटिकेलाही नाही. उंच टोकाला पाण्याची टाकी असते आणि तिची सावली तिला उघडी पाडते. आग विझवायच्या पाण्याचे हौद काळेभोर, लहान आयत किंवा वर्तुळं म्हणून दिसतात. ज्या ठिकाणी या तिन्ही गोष्टी आणि मधोमध एक रिकामं, गुळगुळीत, फिकट मैदान आहे, तिथं आयत मोजायची गरज फारशी उरत नाही. बराकी कुठेही हलवता येतात, पण जमिनीखालचे हौद उखडायचा खर्च कोणी करत नाही, म्हणून आजही अनेक ठिकाणी छावणीतलं उरलेलं एकमेव बांधकाम हेच असतं, ओढ्याकाठच्या काटेरी झुडपात बुडालेलं.

आयतांच्या रांगांची मांडणी काळही सांगते. पहिल्या महायुद्धातल्या छावण्यांत लांब बराकी अगदी कवायतीसारख्या ओळीत असतात. १९३९ च्या आसपास बांधलेल्या छावण्यांतही शिस्तशीर नकाशा दिसतो. काही ठिकाणी मधल्या न्हाणीघराला बोळांनी जोडलेल्या बराकी असतात आणि वरून पाय पसरलेल्या कोळ्याचा आकार दिसतो. सैनिक त्याला ‘स्पायडर’ म्हणत. हवाई हल्ल्यांची भीती खरी ठरल्यावर मांडणी बदलली. बराकी विखुरल्या, कुंपणांना चिकटवल्या, झाडाखाली दडवल्या, मोठ्या हवेल्यांच्या बागांमधून वळणदार रस्त्यांवर लावल्या. प्रश्नातली ‘वळणदार रेषा’ मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. सरळ रस्ता आणि सरळ रांगा असत्या तर मी आधीच्या काळाकडे झुकलो असतो.

यातून पुढची पायरी येते: फक्त ते शेत बघू नका, भोवतालचे दोन-तीन किलोमीटर बघा. युद्धकाळातल्या आरएएफच्या बॉम्बर तळांचा ठरलेला नकाशा होता: तीन धावपट्ट्या एकमेकींना छेदणाऱ्या, मुख्य २,००० यार्डांची आणि बाकी दोन १,४०० यार्डांच्या, भोवती परिघाचा रस्ता आणि त्यावर विमानं विखरून ठेवायची काँक्रीटची वर्तुळं किंवा चष्म्यासारख्या जोड-कड्या. माणसं मात्र धावपट्टीजवळ झोपत नसत. त्यांच्या राहण्याच्या बराकी आसपासच्या शेतांत लहान लहान गटांत, बऱ्याच अंतरावर पांगवलेल्या असत. एकेक गट सुटा पाहिला तर तो स्वतंत्र छावणीच वाटतो. वळणदार काँक्रीटचा रस्ता कुठे जातो ते बोटाने धरून चाला. तो शेवटी एखाद्या जुन्या धावपट्टीपाशी पोचला, तर उत्तर मिळालं: ही लष्कराची नव्हे, विमानतळाची वस्ती.

रस्ता विमानवेधी तोफांपाशीही पोचू शकतो. जड विमानवेधी तोफांच्या ठाण्याचा आकार एकदा पाहिला की विसरत नाही: चार तोफांचे चौथरे कमानीसारखे आणि त्यांच्या मागे मध्यावर कमांड पोस्ट. युद्धाच्या मध्यावर रडार आलं तेव्हा त्याच्या भोवती जमीन सपाट मिळावी म्हणून तारेच्या जाळीचा प्रचंड अष्टकोन पसरला जाई, शंभर मीटरहून अधिक व्यासाचा. हा अष्टकोन हवाई छायाचित्रात ठळक उमटतो आणि शेतीत त्याच्यासारखं दुसरं काहीच नसतं. सर्चलाइटच्या ठाण्यांची गोष्ट उलटी. दिव्याभोवतीचा गोल चर आणि मातीचा बांध पुढे नांगरटीखाली गेला की उरतं ते एक साधं वर्तुळ, आणि कांस्ययुगातल्या दफनटेकडीचंही नेमकं तेच उरतं. नुसत्या वर्तुळावरून कोणी चार हजार वर्षांपूर्वीचं दफन जाहीर केलं, तर मी आधी १९४० च्या दशकातली छायाचित्रं मागतो.

काही छावण्या इतक्या थोडा काळ टिकल्या की त्यांची खूण जवळपास शोधूच नये. ६ जून १९४४ च्या नॉर्मंडीच्या उतरणीआधी दक्षिण इंग्लंडमध्ये रस्त्यांच्या कडेने, झाडांच्या आडोशाने सैन्य गोळा केलं होतं. नकाशावर रस्त्याभोवती लांबट कडं आखून या जागा ठरवल्या, म्हणून त्यांना ‘सॉसेज कॅम्प’ म्हणत. त्यांचा माग शेतात बघू नका. रस्त्याच्या कडेच्या रुंदावलेल्या पट्ट्या, वळणांवर गाड्यांसाठी ओतलेलं काँक्रीट, कडेच्या रानात शिरणाऱ्या आखूड वाटा, एवढंच सापडतं.

तारखांची साखळी हा या कामाचा कणा आहे. एकट्या छायाचित्रावर विसंबू नका. युद्धाआधीचा ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा-संस्थेचा मोठ्या प्रमाणाचा नकाशा, युद्धकाळातलं एखादं छायाचित्र, १९४६–४७ चं छायाचित्र आणि १९५० च्या दशकातलं एक, एवढं शेजारी ठेवलं की बहुतेक वाद मिटतात. जी गोष्ट युद्धाआधी नाही, १९४६ मध्ये आहे आणि दहा वर्षांनी नाही, ती युद्धाचीच असण्याची शक्यता फार मोठी. इंग्लंडसाठी स्विंडनमधलं हिस्टॉरिक इंग्लंडचं संग्रहालय, स्कॉटलंडसाठी आणि जगभरातल्या लष्करी छायाचित्रांसाठी एडिनबरामधला राष्ट्रीय हवाई छायाचित्र संग्रह, ही पहिली दारं. युद्धकाळातलं ब्रिटिश छायाचित्र नसेल तर जर्मन बघा: लुफ्तवाफे या जर्मन हवाई दलाने १९४० च्या सुमारास ब्रिटनवर केलेल्या टेहळणीची छायाचित्रं विजेत्यांच्या हाती लागली आणि त्यांतली पुष्कळशी आता अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, कॉलेज पार्कला आहेत. शत्रूने टिपलेली म्हणूनच ती मोलाची आहेत. तिथं कोणी काही लपवलेलं नाही.

लपवणं हा शब्द मी मुद्दाम वापरतो. युद्धानंतर ऑर्डनन्स सर्व्हेने हवाई छायाचित्रं जोडून मोज़ेक नकाशे काढले. सुरक्षेच्या कारणाने ते पुढे विक्रीतून मागे घेतले आणि लष्करी जागा रंगवून बुजवलेल्या आवृत्त्या आणल्या. विमानतळाच्या जागी खोटी शेतं, खोटी कुंपणं. अशा मोज़ेकमध्ये एखादा भाग जास्तच गुळगुळीत वाटला, झाडांच्या सावल्या शेजारच्या सावल्यांच्या दिशेने पडत नसल्या, किंवा रस्ता अचानक शेतात जिरला, तर मूळ छायाचित्र मागवा. बुजवलेली जागाच छावणीचा पुरावा ठरल्याची उदाहरणं आहेत.

१९४६ या सालाबद्दल एक सावधगिरी. त्या उन्हाळ्यात घरांच्या टंचाईने गांजलेली ब्रिटिश कुटुंबं रिकाम्या लष्करी छावण्यांमध्ये शिरून राहू लागली. देशभरात अशा लोकांची संख्या चाळीस हजारांच्या वर गेली. म्हणून १९४६ च्या शरदातल्या किंवा १९४७ च्या छायाचित्रात बराकींभोवती भाजीचे वाफे, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या, नव्या आडव्यातिडव्या वाटा दिसल्या, तर त्या सैनिकांच्या नव्हेत. बराकी लष्करी, वावर कुटुंबांचा. दोन्ही नोंदवा, कारण त्या माणसांचा इतिहासही तितकाच खरा आहे आणि तो कागदोपत्री फार कमी उरला आहे. उलटही होतं. स्केग्नेसचा बटलिन्सचा सुट्टी-कॅम्प १९३६ मध्ये उघडला आणि युद्धात नौदलाच्या ताब्यात जाऊन ‘एचएमएस रॉयल आर्थर’ झाला. सुट्टीच्या झोपड्यांच्या रांगा आणि लष्करी बराकींच्या रांगा वरून अगदी सारख्या दिसतात. तिथं कुंपणाची रेषा आणि हवाई हल्ल्यापासून बचावाचे नागमोडी खंदक बघावे लागतात.

आजच्या चित्रात काहीच दिसत नाही, असं प्रश्नात म्हटलं आहे. कोणत्या महिन्यातल्या चित्रात? हिरव्यागार मे महिन्यातल्या चित्रात काही दिसणार नाहीच. गूगल अर्थमध्ये जुन्या तारखांची चित्रं उघडा आणि दुष्काळी उन्हाळे शोधा. ब्रिटनमध्ये २०१८ चा जुलै त्यासाठी फार चांगला. १९७६ च्या उन्हाळ्यातली तिरकी हवाई छायाचित्रंही संग्रहालयांत मिळतात. जमिनीखाली काँक्रीट किंवा खडीचा थर असेल तर त्यावरची माती उथळ असते, गवत आणि पीक आधी करपतं आणि आयत पिवळे होऊन वर येतात. चर बुजवलेला असेल तर तिथं माती खोल आणि ओलसर असते, पीक जास्त वेळ हिरवं राहतं. पाठ्यपुस्तकात एवढंच असतं. युद्धकाळातल्या जागांवर मात्र हा नियम उलटतो, कारण खंदक बुजवताना पाडलेल्या बराकींच्या विटा आणि काँक्रीटचे तुकडे त्यातच लोटलेले असतात. मग खंदक पिवळा दिसतो. नागमोडी पिवळी रेषा दिसली म्हणून ‘ही भिंत’ असं लिहू नका. भिंती नागमोडी बांधत नाहीत. सातू आणि गहू या खुणा छान दाखवतात, वाळूमिश्रित आणि खडूच्या जमिनीवर त्या ठळक येतात, चिकणमातीवर फारशा येत नाहीत. चिकणमातीच्या शेतात काही दिसलं नाही, यावरून तिथं काही नव्हतं असा निष्कर्ष काढता येत नाही.

त्याच शेतात जुन्या काळाच्या खुणाही असू शकतात. रोमन सैन्याच्या मुक्कामाच्या छावण्या पिकांतून वर येतात तेव्हा गोलसर कोपऱ्यांच्या लांब चराचा एक मोठा चौकट दिसतो आणि आत जवळपास काहीच नसतं. विसाव्या शतकातली छावणी बरोबर उलटी: आत गर्दी, आणि भोवती चर सहसा नाही, फक्त तार. दोन्ही युद्धांच्याच खुणा, तरी एकीवरून दुसरीचं अनुमान करता येत नाही.

जंगल आणि माळरान असेल तर लायडार बघा. विमानातून लेझरचे झोत सोडून जमिनीची उंची मोजतात आणि झाडांचा थर गणिताने बाजूला काढतात. इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेने २०१५ मध्ये हा साठा सर्वांना खुला केला. स्टॅफर्डशायरमधल्या कॅनॉक चेसवर पहिल्या महायुद्धातल्या ब्रॉक्टन आणि रूजली या दोन प्रचंड छावण्या होत्या. आज तिथं झुडपं आणि बर्चची झाडं आहेत, पण लायडारमध्ये उतारावर कापलेल्या बराकींच्या पायऱ्या ओळीने उभ्या राहतात. नांगरलेल्या शेतात मात्र लायडारकडून फार अपेक्षा ठेवू नका. सत्तर-ऐंशी वर्षांची नांगरट दहा सेंटिमीटरचा उंचवटा सहज खाऊन टाकते.

या कामातली सगळ्यात मोठी अडचण डोळ्यांची नाही, प्रश्नाची आहे. ४ एप्रिल १९४४ ला दक्षिण आफ्रिकेच्या हवाई दलाच्या ६० स्क्वाड्रनच्या विमानाने पोलंडमधल्या मोनोवित्झच्या आय. जी. फार्बन कारखान्याची छायाचित्रं घेतली. त्याच फितीवर आउशवित्झची नाझी छळछावणी आली होती. त्यानंतरच्या उड्डाणांत तिचाच भाग असलेलं बिर्केनाऊही आलं. छायाचित्र-वाचकांना कारखान्याबद्दल विचारलं होतं, त्यांनी कारखान्याबद्दल लिहिलं. छावणीचा अर्थ त्या छायाचित्रांतून पस्तीस वर्षांनी, १९७९ मध्ये, सीआयएच्या डिनो ब्रुजिओनी आणि रॉबर्ट पॉइरिए यांनी मांडला, तेव्हा इमारती, कुंपणं, माणसांच्या रांगासुद्धा त्यांत दिसत होत्या. दुसरीकडे १९४३ च्या अखेरीस मेडमेनहॅमच्या कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ यांनी पेनेम्युंडे या जर्मन शस्त्र-चाचणी केंद्राच्या छायाचित्रातल्या तिरप्या रुळांवर एक इवलंसं विमान ओळखलं. ते व्ही-१, म्हणजे जर्मनांचा उडता बॉम्ब होता. त्यांना लहान विमान शोधायला सांगितलेलं होतं. मी नव्या माणसाला शिकवताना हे दोन्ही प्रसंग सांगतो आणि मग सांगतो की छायाचित्र उघडण्याआधी कागदावर लिहून काढ: काय काय शोधायचं, आणि न सापडलं तरी कुठे कुठे बघायचं.

निष्कर्ष लिहिताना तीन पातळ्या वेगळ्या ठेवा. ‘१६ बाय ३६ फुटांचे, सावली नसलेले अकरा आयत’ ही नोंद. ‘हे बराकींचे चौथरे असावेत’ हा अर्थ. ‘ही विमानतळाची राहण्याची वस्ती होती’ हे अनुमान. नोंद कधी बदलत नाही, अर्थ क्वचित बदलतो, अनुमान एखाद्या कागदाने सहज उलटतं. यांची भेसळ झालेले अहवाल पुढच्या अभ्यासकाच्या काहीच कामाचे नसतात.

प्रश्नातल्या छायाचित्राबद्दल माझा अंदाज: १९४१ नंतरची, विखुरलेल्या मांडणीची वस्ती, बहुधा जवळच्या विमानतळाची किंवा तोफांच्या ठाण्याची. तीन गोष्टी मिळाल्या तर मी ठाम होईन: शेताचा सगळ्यात खालचा कोपरा, वळणदार रस्त्याचं दुसरं टोक आणि सलग क्रमांकाचं शेजारचं छायाचित्र.

प्रत्यक्ष जागेवर जायचं ठरवलंत तर आधी जमीनमालकाची परवानगी घ्या. हिवाळ्याच्या शेवटी जा, झुडपं विरळ असताना. शेताच्या मध्यापेक्षा कडा बघा: कुंपणात अडकलेला काँक्रीटचा खांब, फाटकापाशी नको तेवढा रुंद रस्ता, नाल्यात लोटलेले चौथऱ्याचे तुकडे. मेटल डिटेक्टर नेऊ नका आणि काहीही खणू नका. छावण्यांजवळ सराव होत असे, आणि जमिनीत राहिलेला दारूगोळा ऐंशी वर्षांनीही फुटू शकतो. गंजलेलं, नळकांड्यासारखं काही दिसलं तर हात न लावता जागेची खूण लक्षात ठेवून मागे या आणि पोलिसांना कळवा.